सहाव्या मजल्याची कॉफी

अर्धांगाचा झटका येऊन सहा आठवडे झाले होते, आणि या सहा आठवड्यांत ओरोझिंबो एकदाही कशाला नाही म्हणाले नव्हते. मार्लुसियाने धसका घेतला होता तो याचाच. बापाचं तोंड एका बाजूला ओघळलं, उजवा हात-पाय लुळा पडला, वाचा गेली, हे सगळं तिने डॉक्टरांकडून समजून घेतलं होतं आणि कसंबसं पचवलंही होतं. पण ज्या माणसाने उभा जन्म ‘नाही’ म्हणण्यात घालवला, तो आता ज्याला त्याला मान डोलावतो, हे काही तिच्या पचनी पडत नव्हतं.

“बाबा, भूक लागली?” मान हलायची. “पोट भरलंय ना?” पुन्हा हलायची. “खिडकी उघडू?” हो. “लावून घेऊ?” तेही हो. एके दिवशी सकाळी मक्याची पेज भरवता भरवता ती इतकी वैतागली की तिने चमचा खाली ठेवला आणि विचारलं, “बाबा, तुम्ही यंदाच्या कार्निव्हलची राणी का हो?” ओरोझिंबोंनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं आणि मान डोलावली. अगदी सावकाश, गंभीरपणे. मार्लुसिया न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

त्याच संध्याकाळी तिने भावाला फोनवर हे सांगितलं, आणि सांगून चूक केली. आदेल्मो तसा वाईट नव्हता, नुसता घाईचा होता. बेलो होरिझोंटे शहरात त्याचं ड्रायव्हिंग स्कूल होतं, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीला तो पुढे जाण्यासाठी खोळंबलेल्या गाडीसारखा हॉर्न देत असे. “मग झालं तर,” तो म्हणाला. “बाबांना काही कळत नाही हे तूच सांगतेयस. तू एकटी त्यांना उचलतेस, अंघोळ घालतेस, वर गिऱ्हाइकांचे केस कापतेस. तुझी कंबर मोडली म्हणजे दोघांना कोण बघणार? माझ्या घरापासून दोन चौकांवर एक चांगली जागा आहे, म्हाताऱ्या माणसांची. बाग आहे, नर्स आहेत. मी वकिलाकडून कागद करून घेतो. रविवारी येतो, तू सही कर.”

कागदात काय होतं ते एका वाक्यात सांगता येईल: ओरोझिंबोंना स्वतःचं भलंबुरं समजत नाही, म्हणून यापुढे त्यांनी कुठे राहायचं ते मुलं ठरवतील. दोन्ही मुलांच्या सह्या झाल्या की तो न्यायाधीशापुढे जायचा. डॉक्टरणीचा अहवाल आधीच जोडलेला होता. तिने महिना कोणता ते विचारलं तेव्हा रुग्ण खिडकीबाहेर बघत बसले, पेन दाखवा म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले, असं त्यात लिहिलं होतं. आकलन शंकास्पद. ते दोन शब्द मार्लुसियाने तीनदा वाचले होते. बापाला कळत असेल आणि आपण सही केली, तर त्याच्यासारखं पाप नाही. आणि कळत नसेल, तर मग या खुर्चीत रोज कोण बसतंय?

खुर्ची बाहेरच्या खोलीत होती, आरशासमोर. ती खोली म्हणजे आता मार्लुसियाचं केस कापायचं दुकान. पण काताग्वाझिस गावात चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, तो त्या खोलीला अजून ‘गालाक्सिया’च म्हणेल. बारा वर्षं तिथे ओरोझिंबोंचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. भिंतीला टेकवून सात टीव्ही, समोर सात बाकडी, आणि तासाच्या भावाने खेळायला येणारी अख्ख्या गावची पोरं. आज जिथे शांपू आणि केसांचे रंग मांडले होते, त्याच फळ्यांवर तेव्हा कॅसेटी रचलेल्या असत. निम्म्या कॅसेटी नकली. त्यांच्यावरची अक्षरं जपानी की चिनी हे कुणालाच कळत नसे, म्हणून पोरांनी त्यांची बारशी आपापल्या मनाने केली होती.

त्यातलाच एक ‘कंदीलवाला’. एक बुटका माणूस कंदील घेऊन नऊ मजली खाणीत उतरत जातो, एवढीच त्याची गोष्ट. पाच मजले कुणीही उतरायचं. सहाव्यावर मात्र वरून बादल्या पडत, मधेच वटवाघळं येत, आणि कंदीलवाला मरे. पोरं ओठ चावत, कंट्रोलर आपटत, एकमेकांच्या आयांचा उद्धार करत आणि शेवटी निमूटपणे हाक मारत, “काका!”

काका म्हणजे ओरोझिंबो. ते सावकाश उठत, पोराच्या हातातून कंट्रोलर घेत आणि टीव्हीपुढे असे उभे राहत की त्या रुंद पाठीपलीकडचं कुणाला काही म्हणता काही दिसू नये. अर्ध्या मिनिटात ते वळत. पडद्यावर सातवा मजला. त्याची किंमत ठरलेली होती: अंगठा आणि तर्जनी यांत पेला धरल्यासारखी बोटं करून ते समोर धरत. पोराने उठायचं, रस्ता ओलांडून बेकरीतून काकांसाठी एक पेला कॉफी आणायची. त्या गावात कॉफी चुलीवरच साखर घालून उकळतात, पण काकांना लागे ती बिनसाखरेची. विसरून कुणी गोड आणली तर त्याने एकही शब्द न बोलता परत जायचं. सहाव्या मजल्याचं गुपित त्यांनी पोटच्या पोरालाही सांगितलं नव्हतं. आदेल्मोने किती विनवण्या केल्या असतील! “तुला सांगितलं की तू साऱ्या गावाला सांगशील,” ओरोझिंबो म्हणत. “मग मला कॉफी कोण पाजेल, तुझा आजा?”

टॅब्लेट घेऊन आला तो देदे. हा देदे म्हणजे गालाक्सियाच्या तिसऱ्या टीव्हीपुढे ज्याचं अर्धं बालपण गेलं तो. आता टॅक्सी चालवत होता आणि डोक्यावरचे केस गेल्यामुळे मार्लुसियाचं गिऱ्हाईकही राहिला नव्हता. गुरुवारी सकाळी तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, “काकांसाठी आणलंय. मुलीचा जुना आहे, काच थोडी तडकलीय. आत एम्युलेटर टाकलाय.”

“ते काय असतं?”

“अगं, सोंगाड्या म्हण की! हा टॅब्लेट जुन्या मशीनचं सोंग घेतो. खेळांना वाटतं आपण आपल्याच मशीनमध्ये आहोत, की बिचारे सुरू होतात. आपल्या दुकानातले शंभरेक तरी असतील. कंदीलवाला पण आहे.” त्याने पडदा दाखवला. चित्रावरच फिकट बटणं उमटली होती, डावीकडे दिशांची फुली, उजवीकडे उडी मारायचं गोल बटण. “बोटाने दाबायचं. आणि हे बघ, मरायच्या आधी इथे टोचलं की डाव आहे तिथे गोठवून ठेवता येतो. मेलं की पुन्हा तिथूनच.”

“बाबांना हे जमेल, देदे?” तिने आवाज खाली घेतला. “त्यांना काही कळतं की नाही तेच मला कळत नाही.”

देदेने खुर्चीकडे पाहिलं. ओरोझिंबो आरशात बघत होते. “काकांना कळत नाही?” तो म्हणाला. “मार्लुसिया, मी सात वर्षं त्यांना फसवून पाच मिनिटं जास्त खेळायचा प्रयत्न केला. एकदाही जमलं नाही गं.” पण बोलता बोलता त्याचे डोळे भरले, आणि गाडी चुकीच्या जागी लावलीय असं पुटपुटत तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, नेहमीच्या गिऱ्हाईक दोना इरासी, म्हणजे इरासीबाई, केसांना रंग लावून टोपीखाली बसल्या होत्या. मार्लुसियाने धीर करून टॅब्लेट बापाच्या मांडीवर ठेवला, कंदीलवाल्याच्या चित्रावर बोट टेकवलं. पडदा काळा झाला. पाच सेकंद गेली, दहा गेली, काळाच. तेव्हा ओरोझिंबोंनी डाव्या हाताने टॅब्लेट उचलला, उलटा केला, खालच्या कडेची चार्जरची बारीक फट शोधली, ती ओठांपाशी नेली आणि फुंकलं. फू, फू. मग एक लांब फुंक.

“अरे देवा,” टोपीखालून दोना इरासी म्हणाल्या, “तोंडाचा बाजा समजला की काय गं तो!” आणि त्यांनी छातीवर क्रूस काढला.

पूर्वी कॅसेट चालली नाही की तिच्या तळाशी फुंकायचं, धूळ उडवायची आणि पुन्हा घालायची, हे मार्लुसियाला काय माहीत नव्हतं? त्या खोलीत दिवसाला शंभर फुंका मारल्या जात. पण बाबांना हा टॅब्लेट कॅसेट वाटतोय, म्हणजे त्यांच्या डोक्यात अजून तेच साल चालू आहे, असा तिने अर्थ लावला. तिने टॅब्लेट काढून घेऊन शांपूच्या फळीवर पालथा ठेवला आणि ती दोना इरासींकडे वळली. तो पाठीमागे सुरू झाला, खाणीचं टिणटिण संगीत वाजू लागलं, तेही तिच्या ध्यानात आलं नाही.

दोना इरासींच्या केसांना रंग चढेपर्यंत बातमी निम्म्या गावात पोचली असावी, आणि रंग सुकेपर्यंत बेलो होरिझोंटेला.

रविवारी आदेल्मो आला तो हे ऐकूनच. डोक्यावर फुटबॉल क्लबची टोपी, काखेत वकिलाची फाइल. दारातच वाकून त्याने “आशीर्वाद द्या, बाबा,” म्हणत बापाच्या डाव्या हाताचं चुंबन घेतलं. ओरोझिंबोंनी मान डोलावली. मार्लुसियाने कोंबडी आणि भेंडीचं कालवण केलं होतं, सोबत मक्याचा घाटा. आदेल्मोने दोनदा वाढून घेतलं, बापाला स्वतःच्या हाताने भरवलं, ओघळलेलं तोंड पुसलं. हे सगळं त्याने इतक्या हळुवारपणे केलं की मार्लुसियाला त्याच्यावर धड रागावताही येईना.

जेवण उरकल्यावर तिघं बाहेरच्या खोलीत आली. बाप आपल्या खुर्चीत बसला. आदेल्मोने आरशाखालच्या फळीवर, कंगव्यांच्या बाजूला कागद ठेवला आणि त्यावर पेन.

“दोना इरासीच्या मुलाचा फोन आला होता,” तो म्हणाला. “बाबा टॅब्लेटमध्ये फुंकत होते म्हणे.”

“फुंकत होते. मग?”

“मग काय, मार्लुसिया! मला काय हौस आहे का? पण आपण डोळ्यांवर कातडं ओढून किती दिवस काढायचे? महिना सांगता येत नाही, पेन ओळखता येत नाही, कशालाही हो म्हणतात, आणि आता टॅब्लेटला फुंकतात.”

“हळू बोल, ते ऐकतायत.”

“ऐकत असते तर एव्हाना मला हाकलून दिलं असतं,” आदेल्मो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. मार्लुसियाने बापाकडे पाहिलं. आरशात त्यांचा चेहरा होता तसाच होता, अर्धा जागा, अर्धा निजलेला. तिने पेन उचललं. हातात धरलं. मग “आधी भांडी विसळून येते,” म्हणून ती आत गेली. भांडी काय पळून जात होती! पण सही लांबवायला तिला दुसरं काही सुचलं नाही.

भांडी निम्मी झाली असतील नसतील, बाहेरून खाणीचं टिणटिण संगीत ऐकू आलं. हात पुसत ती दारात येते तो काय, आदेल्मो बापाशेजारच्या बुटक्या स्टुलावर बसलेला, टॅब्लेट हातात, जीभ ओठांच्या कोपऱ्यात. नुसतं बघायला म्हणून उचलला असणार. पन्नाशीचा गडी, पण तिसऱ्या मजल्यापर्यंत तो बारा वर्षांचा झाला होता.

“अगं, मला सगळं आठवतंय! इथे शिडी, इथे उंदीर... हे बघ, बोटं आपोआप जातात!” चौथा मजला, पाचवा. मग सहावा. बादली पडली, कंदीलवाला मेला. पुन्हा बादली. पुन्हा मेला. “ही वटवाघळं! यांच्या आईला...” त्याने जीभ चावली. “काहीतरी सोय असेल ना गं यात?”

“देदे म्हणाला, इथे टोचलं की डाव गोठतो. मेलं की तिथूनच पुन्हा.”

“मग आधी नाही का सांगायचं!” आदेल्मोने टोचलं. बादली चुकवली, टोचलं. एक पाऊल पुढे गेला, टोचलं. मेला, पुन्हा जिवंत केला.

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. घशातला, खरखरीत. दोघांनी वळून पाहिलं. ओरोझिंबोंचा डावा हात वर आला होता, तर्जनी ताठ, आणि ती इकडून तिकडे हलत होती. सोबत मानही हलत होती, आडवी.

मार्लुसियाच्या हातातलं फडकं गळून पडलं. “बाबा? नाही?”

बोट हललं. नाही.

“डाव गोठवायचा नाही?”

नाही, म्हणजे नाही. आणि त्या डाव्या डोळ्यात जे होतं ते तिने हजार वेळा पाहिलं होतं. गालाक्सियात एखादं पोर वेळ भरल्यावर खेळ थांबवून ‘काका, मुतून येतो’ म्हणायचं, तेव्हा त्याच्यावर हाच डोळा रोखला जाई. मेलास तर मेलास, उठ, पुढच्याला बसू दे, हा त्या दुकानाचा कायदा होता. सहा आठवड्यांतलं हे पहिलं ‘नाही’. ती दाराला टेकून उभी राहिली.

आदेल्मो मात्र खेळाच्या नादात होता. “बरं बाबा, नाही गोठवत,” असं तो गुरकावला, जणू मधली पस्तीस वर्षं झालीच नव्हती, आणि घाईघाईने त्याने भलतंच काहीतरी दाबलं. पडदा काळा झाला. संगीत बंद. त्याने टोचलं, काही नाही. पुन्हा टोचलं. मग, अगदी कसलाही विचार न करता, त्याने टॅब्लेट उलटा केला, खालची फट ओठांशी नेली आणि फुंकलं. फू, फू. मग एक लांब फुंक.

आदेल्मो टॅब्लेट तोंडाशी धरून तसाच गोठला. त्याच्या ध्यानात आलं.

आधी ओरोझिंबोंचे खांदे हलायला लागले. मग पोट. मग त्या अर्ध्या तोंडातून एक अजब आवाज बाहेर पडला, गाडी थंडीत सुरू होताना करते तसा, आणि तो हसण्याचा होता. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डाव्या हाताने त्यांनी फळीवरचा कागद दाखवला, मग आदेल्मोच्या छातीकडे बोट केलं.

“काय म्हणतायत?” आदेल्मोने विचारलं.

“म्हणतायत, त्या कागदावर तुझंही नाव घाल,” मार्लुसिया म्हणाली, आणि मग तिला हसू आवरेना. इतकं हसू आलं की तिला फळी धरून उभं राहावं लागलं. “तुलाही पाठवते, बागेतल्या नर्सकडे!”

आदेल्मोचे कान लाल झाले. तो हसलाही आणि रडलाही, एकाच वेळी. तोवर टॅब्लेटला जाग आली होती. ओरोझिंबोंनी आपला डावा हात पुढे केला, तळवा वर. त्याचा अर्थ सांगायची गरज नव्हती. दे इकडे.

आदेल्मोने टॅब्लेट त्यांच्या मांडीवर ठेवला. पाच मजले बापलेकांनी मिळून उतरायचे ठरले, म्हणजे तसं कुणी बोललं नाही, पण ठरले. बापाचा डावा अंगठा दिशांच्या फुलीवर. उडीचं बटण उजवीकडे, आणि उजवा हात मांडीवर पडलेला. आदेल्मोने स्टूल सरकवून त्या बाजूला घेतलं आणि आपलं बोट उडीच्या बटणावर टेकवलं.

“कधी दाबायचं ते सांगा.”

“हं,” ओरोझिंबो म्हणाले. आदेल्मोने दाबलं. कंदीलवाला उडाला. “हं.” पुन्हा उडाला. दुसऱ्या मजल्यावर आदेल्मोने स्वतःच्या मनाने एक उडी मारली, तेव्हा बापाने खेळ सोडून त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुन्हा तो आगाऊपणा केला नाही. हं, हं, हं. शिडी, उंदीर, तुटका पूल. मार्लुसिया खुर्चीच्या पाठीमागे येऊन उभी राहिली. अंगठा थरथरत होता, मधेच घसरत होता, चौथ्यावर एकदा मेलेही. पण प्रत्येक ‘हं’ जिथल्या तिथे पडत होता. पेन ओळखता न येणारा माणूस हा? डॉक्टरणीवर तिला एकदम राग आला, आणि लगेच स्वतःवर.

सहावा मजला आला. ओरोझिंबो थांबले. त्यांनी आपली पाठ वळवायचा प्रयत्न केला, खरंच केला. डावा खांदा पुढे आला, उजवा जागचा हलेना, आणि पडदा काही झाकला जाईना. क्षणभर ते विचारात पडले. मग त्यांनी डावा हात उचलला, आदेल्मोच्या टोपीचा पुढचा भाग चिमटीत धरला आणि टोपी खसकन खाली ओढली, पार नाकापर्यंत.

“बाबा!” टोपीखालून आदेल्मो ओरडला. “मी पन्नास वर्षांचा आहे! अजूनही दाखवणार नाही?”

“हं,” ओरोझिंबो म्हणाले. आंधळ्या आदेल्मोने मुकाट्याने बटण दाबलं.

मार्लुसियाने मात्र पाहिलं. पाठीमागे उभी होती, आणि तिच्या डोळ्यांवर टोपी नव्हती. गालाक्सियातली सगळी पोरं त्या मजल्यावर धावत सुटायची, आणि तिथेच मरायची. बाबा धावले नाहीत. ते तिसऱ्या बादलीखाली जाऊन उभे राहिले आणि फुलीचा खालचा भाग दाबून धरला. कंदीलवाला खाली बसला आणि कंदील विझला. सगळी खाण अंधारली. वटवाघळं आली, त्यांना कुणी दिसलं नाही, निघून गेली. वरून बादली आली ती सावकाश, रिकामी, पाळण्यासारखी. “हं.” कंदीलवाला त्या बादलीत उडी मारून बसला आणि बादली त्याला घेऊन खाली उतरली. बास, एवढंच. तिने आरशात बापाचा चेहरा पाहिला. त्यालाही ती दिसली असणार, कारण त्याने डावी भुवई अशी उंचावली की मार्लुसियाने तिथल्या तिथे तोंडावर हात ठेवला. कुणाला सांगणार नाही, बाबा. मेले तरी सांगणार नाही.

संगीत बदललं. आदेल्मोने टोपी वर केली. पडद्यावर सातवा मजला होता.

तो बघतच राहिला. आणि तेवढ्यात त्याच्या नाकासमोर बापाचा हात आला. अंगठा आणि तर्जनी, मधे पेल्याएवढी जागा.

आदेल्मो उठला, डोळे पुसले, “आणतो काका,” म्हणाला. बापाला काका म्हणाला! दुकानात सगळ्या पोरांसारखं त्यालाही काकाच म्हणावं लागे, तोही त्या दुकानाचा कायदाच. तो रस्ता ओलांडून बेकरीत गेला. दोन मिनिटांत वाफाळता पेला घेऊन आला, आणि मार्लुसियाची फळी खराब होऊ नये म्हणून त्याने हाताला आला तो कागद चार घड्या करून पेल्याखाली घातला. तो कागद कुठला ते दोघांनीही पाहिलं.

ओरोझिंबोंनी पेला उचलला. एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं, जेवढं करता येत होतं तेवढं. पेला पुढे सरकवला.

“अरे देवा! साखर!” आदेल्मो कपाळावर हात मारून म्हणाला. “विसरलो, विसरलो,” आणि पेला उचलून तो पळाला. पन्नाशीचा माणूस, सुटलेलं पोट, डोक्यावर उलटीपालटी टोपी, भर रस्त्यातून पळत होता, आणि बेकरीच्या दारातून ओरडत होता, “बिनसाखरेची! नवीन करा! बाबांसाठी आहे, बिनसाखरेची!”

मार्लुसियाचा जीव भांड्यात पडला. सहा आठवड्यांनी पहिल्यांदा तिने छातीभर श्वास घेतला. ती बापाच्या पुढ्यात येऊन बसली, स्टुलावर. त्यांच्या ओल्या गालावरून पदर नव्हता म्हणून अॅप्रनचंच टोक फिरवलं. खूप काही विचारायचं होतं: इतके दिवस का नाही, डॉक्टरणीसमोर का नाही, आम्हाला असं का रडवलंत. पण शेवटी तिने विचारलं ते भलतंच.

“बाबा, खरं सांगा. तुम्ही यंदाच्या कार्निव्हलची राणी का हो?”

ओरोझिंबोंनी तिच्याकडे पाहिलं. मग सावकाश, अतिशय गंभीरपणे मान डोलावली, आणि चुंबन घेण्यासाठी डावा हात पुढे केला.